आज गिरणी बंद, सभा आहे

आमच्या पेठेत दळणाचा डबा घेऊन निघालेल्या बाईला महिन्यातून एखाद्या दिवशी डबा तसाच घेऊन परत यावं लागे. गिरणीला कुलूप असे आणि कुलपाशेजारी खडूने लिहिलेली पाटी टांगलेली असे : 'आज गिरणी बंद, सभा आहे.' सभा म्हणजे नगरपालिकेची सर्वसाधारण सभा. गिरणीचे मालक तात्या हे नगरसेवक नव्हते, पालिकेचे नोकर नव्हते आणि कुठल्या पक्षाचे कार्यकर्तेही नव्हते. ते नुसते सभा ऐकायला जात. पालिकेच्या जुन्या दगडी इमारतीत सभागृहाच्या वर प्रेक्षकांसाठी एक लाकडी गॅलरी होती. तिच्यातल्या पहिल्या बाकाच्या टोकाला ते बसत आणि बहुतेक वेळा त्या गॅलरीत ते एकटेच असत. नगर जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांचं मला ठाऊक नाही, आमच्या पालिकेला मात्र हयातभर एकच प्रेक्षक होता.

मी लग्न होऊन मिरजगावहून या गावात आले, तेव्हा पांढऱ्या भुवयांचा माणूस पाहून म्हातारं माणूस समजले आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडले. तात्या दचकून मागे सरले. नंतर कळलं, ते माझ्या सासऱ्यांपेक्षा लहान होते आणि भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. सभेच्या दिवशी ते डोक्यावरून आंघोळ करत, इस्त्रीचा सदरा आणि धुतलेली टोपी घालत, पण भुवयांतलं पीठ काही पुरतं निघत नसे. खाली बसलेल्या नगरसेवकांना वर मान केली की आधी त्या दोन पांढऱ्या रेघा दिसत.

या नादाची सुरुवात एका नळापासून झाली होती. तात्या ऐन पंचविशीत असताना पेठेच्या तोंडावरचा सार्वजनिक नळ एका सकाळी उखडून दुसऱ्या आळीत नेला गेला. पेठेतली चार माणसं तावातावाने पालिकेत गेली. त्या वेळच्या अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की हे सभेत ठरलं आहे, सभा सगळ्यांना खुली असते, तुम्ही त्या दिवशी कुठे होता? तिघे जण शिव्या देत घरी परतले. तात्यांना मात्र तो प्रश्न रास्त वाटला. खरंच, आपण कुठे होतो? पुढच्या सभेपासून ते हजर राहू लागले. नळ काही परत आला नाही, पण तात्यांचं जाणं सुटलं नाही.

गॅलरीत बोलायला मनाई, टाळ्या वाजवायला मनाई. तात्या नियमाचे पक्के होते, तिथे तोंडातून अक्षर काढत नसत. त्याची भरपाई ते दुसऱ्या दिवशी गिरणीत करत. पट्टा फिरत असायचा, जातं घरघरत असायचं आणि त्या आवाजावर आवाज चढवून तात्या कालची सभा सांगत असायचे. सभा रंगलेली असली की सांगण्याच्या भरात पीठ जाडंभरडं पडे. पेठेतल्या बायका पिठाला हात लावूनच ओळखत, काल चांगलीच जुंपलेली दिसते. आता गंमत अशी की नगरसेवक झाला म्हणून कुणाच्या घरचं दळण थांबत नाही. त्यांच्या बायकाही त्याच रांगेत उभ्या असत. गॅलरीतल्या या एका माणसाला सगळे नगरसेवक का वचकून असत, ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात समजलं.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, तेव्हा पेठेतून निवडून आलेले नगरसेवक होते. मी ज्वारी घेऊन गिरणीत गेले तेव्हा तात्या डबा हातात घेत म्हणाले की मामंजींना म्हणावं, कालच्या सभेत गटाराच्या विषयाला तुम्हाला झोप लागली होती, आता प्रकृती बरी आहे ना? मी नवी नवरी. मला वाटलं, शेजारधर्माने चौकशी केली आहे. रात्री ताटं वाढताना मी तो निरोप जसाच्या तसा, अगदी काळजीच्या सुरात सांगितला. सासूबाईंनी भाकरी तव्यावरच ठेवली आणि मामंजींकडे असं पाहिलं, की पुढच्या सभेत गटारावर पहिलं भाषण त्यांचंच झालं. पेठेतलं ते गटार त्याच वर्षी बांधून निघालं.

तात्यांच्या खोकल्याची ख्याती तर तालुकाभर होती. एकदा ठराव आला, की घनकचऱ्याचा अभ्यास करण्यासाठी सर्व सदस्यांनी गोव्याचा दौरा करावा. या एका विषयावर सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात तसूभरही मतभेद नव्हते. अध्यक्ष 'मंजूर' म्हणणार, तेवढ्यात वरून तात्या खोकले. सगळ्यांनी माना वर केल्या. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, हा विषय फेरविचारासाठी ठेवू. सगळ्या गावाने त्या खोकल्याचं कौतुक केलं. कुणी म्हणालं, असा जागरूक नागरिक हवा. मी एकदा तात्यांना विचारलं की नेमक्या वेळी कसं सुचलं तुम्हाला? तात्यांनी आजूबाजूला कुणी नाही असं पाहून घेतलं.

"सूनबाई, खोकला पिठाचा हाय," ते म्हणाले. "गिरनीवाल्याची छाती हाय, कवाबी उबळ येती. मला तर वाटलं हुतं, गोव्याला आपल्यालाबी नेत्यात का काय. पन त्यास्नी हे सांगायचं न्हाई."

हे सगळं वाचून तात्या म्हणजे कुणी थोर पुरुष होते असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते. अंदाजपत्रकाच्या सभेत ते सरळ घोरत. आकडे आले की त्यांचे डोळे मिटत. मोठ्या आवाजात बोलणारा नगरसेवक त्यांना हुशार वाटे आणि हळू बोलणारा लबाड. दोन ठरावांची सरमिसळ करून ते असं काही सांगत, की स्मशानभूमीच्या शेडमध्ये भाजी मार्केट भरणार, अशी आवई आमच्या पेठेत आठवडाभर फिरत होती. गॅलरीतल्या आपल्या जागेवर चुकून कुणी बसलंच, तर त्याच्या शेजारी उभं राहून ते तो उठेपर्यंत घसा खाकरत. माणूस हेकट होता. पण सभा ठरली आणि तात्या आले नाहीत, असं मी कधी पाहिलं नाही.

पुढे आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. मामंजींनी दोन दिवस जेवण गोड लागत नसल्यासारखं केलं आणि मग सासूबाईंना उभं केलं. सासूबाई निवडून आल्या. अशा बऱ्याच जणी आल्या होत्या, त्यामुळे पहिल्या सभेला गॅलरी कधी नव्हे ती भरून गेली. खाली बायका आणि वर त्यांचे नवरे. तात्यांना एवढी सोबत आयुष्यात मिळाली नव्हती, पण ते खूश नव्हते. कारण नवरे सभा ऐकायला आले नव्हते. ते खुणा करायला आले होते. मामंजींनी घरून शिकवून ठेवलं होतं, मी हात वर केला की तू हात वर कर.

त्या दिवशी आमच्या पेठेतला आठवडी बाजार उचलून बायपासला न्यायचा ठराव विरोधकांनी आणला होता. बाजार गेला तर पेठेतल्या दुकानदारांनी करायचं काय? मामंजी या ठरावाच्या पुरते विरोधात होते आणि सासूबाईही. मतदानाची वेळ आली. सासूबाई मान वर करून बसल्या. गॅलरीच्या खिडकीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं, त्यातली एक नेमकी मामंजींच्या टोपीभोवती घोंघावू लागली. मामंजींनी तिला हाकलायला हात वर केला. सासूबाईंनी लगेच हात वर केला. त्यांच्याकडे बघून त्यांच्या गटातल्या बाकीच्या बायकांनीही केला. मामंजी दोन्ही हातांनी नाही नाही करू लागले, तेव्हा सासूबाईंना वाटलं, दोन्ही हात वर करायचे आहेत. ठराव बहुमताने मंजूर झाला आणि पुढच्या आठवड्यापासून आमच्या पेठेचा बाजार बायपासला भरू लागला.

घरात त्यानंतर काय झालं ते मी लिहीत नाही. पेठेतल्या दुकानदारांनी आमच्याशी बोलणं सोडलं. मामंजी गांधीलमाशीला दोष देत होते आणि सासूबाई कुणालाच देत नव्हत्या. गिरणीत जायचीही त्यांना लाज वाटू लागली, म्हणून एक दिवस मीच त्यांना सोबत घेऊन गेले. तात्यांनी आम्हाला बघितलं आणि चक्क पट्टा उतरवून गिरणी बंद केली. दळण चालू असताना त्यांनी गिरणी थांबवलेली मी तेव्हाच पाहिली.

"वैनी, वर बघू नका," तात्या म्हणाले. "वर आपल्या पेठेतलं आमी दोघंच. एक मी आन एक तुमचं मालक. दोघांनाबी मत न्हाई. मत खाली हाय, तुमच्याकडं."

पुढच्या सभेत बाजार परत आणण्याचा ठराव सासूबाईंनी स्वतः मांडला. लिहून नेलेलं त्यांनी अडखळत वाचलं, पण मान एकदाही वर झाली नाही. वर तात्या मामंजींच्या शेजारी अगदी चिकटून बसले होते, मामंजींचा उजवा हात त्यांनी आपल्या मांडीखाली दाबून धरला होता, असं मामंजीच नंतर हसत सांगत. बाजार परत आला. सासूबाई त्यानंतर पाच वर्षं स्वतःच्या मताने हात वर करत राहिल्या आणि मामंजी हळूहळू गॅलरीत जायचे थांबले. त्यांना म्हणे तिथे उकडायचं.

मग ते दिवस आले, की पालिकेची मुदत संपली आणि निवडणूकच होईना. आज होईल, उद्या होईल करता करता वर्षं गेली. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, एसटीच्या पाट्या बदलल्या, इच्छुकांनी वाढदिवसांचे बॅनर लावून लावून गावातले सगळे खांब झाकले, पण निवडणूक नाही. पालिकेवर प्रशासक आले. आता सभा कसली? ठराव मांडणारे साहेब, अनुमोदन देणारे साहेब आणि सर्वानुमते मंजूर करणारेही साहेबच. तात्या तरीही ठरल्या दिवशी पाटी लावून जात आणि कुलूप लावलेल्या सभागृहाच्या पायरीवर थोडा वेळ बसून परत येत. त्यांचा मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता, तिकडेच खोली घेऊन राहायचा. गिरणीचा भार सून सुनंदावर आला होता. ती या प्रकाराला कंटाळली होती. लोक पिशवीतलं तयार पीठ घ्यायला लागले आहेत, त्यात आपण सभा नसताना सभेसाठी गिरणी बंद ठेवायची, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिने मला स्पष्ट सांगितलं होतं की गिरणी तिच्या हातात आली, की ती एक दिवससुद्धा बंद राहणार नाही.

एकदा तात्या थेट प्रशासकांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले की साहेब, सभा तुमची एकट्याची असली तरी चालेल, मी कोपऱ्यात बसतो, तुम्ही ठराव मोठ्याने वाचा. साहेब तरुण होते, मनाने चांगले होते. त्यांनी हसत हसत खुर्ची दिली आणि खरंच वाचायला सुरुवात केली. दोन ठराव वाचले. तिसऱ्याला तात्यांना उबळ आली. साहेब थांबले, शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि तो तिसरा कागद त्यांनी बाजूला ठेवला. आमच्या घरी येऊन तात्या मला म्हणाले, "मानूस चांगला हाय गं. पन एकटा हाय. एकट्याला सोताच सोताला अडवावं लागतं. लई अवघड काम हाय त्ये."

त्याच सुमारास पालिकेची नवी इमारत उभी राहिली. काचेची, लिफ्टची. तात्या ती बघायला गेले तेव्हा मी सोबत होते. सभागृह झकास होतं, प्रत्येक खुर्चीपुढे माईक, भिंतीला एसी. तात्यांनी चारही बाजूंनी नजर फिरवली, मग छताकडे पाहिलं. गॅलरी नव्हती. शिपायाने सांगितलं की आता प्रेक्षकांना जागा ठेवलेली नाही, सभा मोबाईलवर दाखवायची असं चाललं आहे, लोकांनी घरबसल्या बघावी. बाहेर आल्यावर तात्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि जिन्यावरच बसले. मी त्या माणसाला कधी रडवेला पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण गॅलरी राहून गेली हे गावातल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाच्या लक्षात आलेलं नव्हतं. माझ्याही नाही.

अखेर निवडणूक लागली. आमचा प्रभाग पुन्हा महिलांचा निघाला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, मामंजी थकलेले, तेव्हा माझं नाव पुढे आलं. मी घरी शिकवण्या घेते, पेठेतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलेली, म्हणून पक्षाने तिकीट दिलं. अर्ज भरला त्या दिवशी संध्याकाळी तात्या काठी टेकत आले. एव्हाना त्यांना चार पावलं चालली तरी धाप लागत होती. प्रत्येक उमेदवाराकडे लोक काही ना काही मागतात. कुणी रस्ता मागतं, कुणी नळ, कुणी पोराला नोकरी. तात्या ओट्यावर बसले, श्वास जाग्यावर येऊ दिला.

"एक बाक पायजे," ते म्हणाले.

"कुणासाठी तात्या? तुम्हाला तर आता जिना चढवत नाही."

"मी न्हाई चढलो तर दुसरं कोन तरी चढंल. जागाच न्हाई ठिवली तर कोन चढनार? उद्या न्हाई आलं कोन, तर रिकामा राहू दे. पन बाक पायजे. तुमच्या ध्यानात राहील, कुनीतरी येऊ शकतंय."

मी शब्द दिला. त्यांनी तो पेठेतल्या माझ्या विरोधातल्या उमेदवार बाईंकडूनही घेतला होता, हे मला नंतर समजलं. माझ्यावर भरवसा नव्हता असं नाही, पण तात्यांना निवडणुकांचा अनुभव दांडगा होता. मतदानाला मुलाने त्यांना सुप्याहून गाडी आणून नेलं. बोटाची शाई दाखवत ते गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, पहिली सभा कधी? निकाल लागला, मी निवडून आले, गुलालाची मिरवणूक गिरणीपुढे थांबली. तात्यांनी हात वर केला नाही. नुसते माझ्याकडे बघून हसले. पहिल्या सभेची तारीख निघायच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. आयुष्यभर सभांना हजर राहिलेल्या माणसाला ज्या सभेची एवढी ओढ होती, तीच चुकली. मी पोटभर रडले.

पहिल्या सभेत अभिनंदनाचे ठराव झाले, हारतुरे झाले. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं की कामकाजाआधी या सभागृहात नागरिकांसाठी बाक ठेवावा. अध्यक्ष हसून म्हणाले, "ताई, ठेवू. पण येणार कोण?"

जुनी मंडळी खाली बघू लागली. येणारा जो एक होता तो गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. मी तात्यांचंच वाक्य सांगितलं, की रिकामा राहू दे, पण ठेवा. वाद नको म्हणून असेल, बाक मंजूर झाला. जुन्या इमारतीच्या गॅलरीतलाच एक बाक आणून दाराशेजारी भिंतीला लावला. एसीच्या त्या चकचकीत सभागृहात तो लाकडी बाक चुकून आल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या सभेच्या सकाळी मी घाईत निघाले होते. गिरणीवरून जाताना पेठेतल्या एक काकू डबा घेऊन माघारी येताना दिसल्या, तोंडाने पुटपुटत. मी मागे वळून पाहिलं. दाराला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी तीच पाटी, फक्त अक्षर वेगळं, बारीक आणि तिरपं.

सभा सुरू झाली. बाक रिकामा होता. विषयपत्रिकेवरचे दोन विषय झाले. तिसरा विषय, सदस्यांचा अभ्यास दौरा. या खेपेला केरळ. सगळ्यांचं एकमत होतं आणि मला बोलायचं होतं, पण नवी असल्यामुळे धीर होत नव्हता. अध्यक्ष 'मंजूर' म्हणणार, तेवढ्यात दार उघडलं. सुनंदा आत आली. पदर नीट खोचलेला, हातपाय धुतलेले, भुवया पांढऱ्या. ती कुणाकडेही न बघता बाकाच्या टोकाला जाऊन बसली आणि बसताच तिला खोकला आला.

पिठाचाच असणार. मी ते कुणाला सांगणार नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, हा विषय फेरविचारासाठी ठेवू.